कोरडी जीभ

नाव गेलं. जिथं ते असायला हवं होतं तिथं काहीच नव्हतं. हेमलता माइकसमोर उभी होती, मोरपंखी साडी, कानात मोत्याच्या कुड्या, चेहऱ्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीचं हसू. "आणि आता मी विनंती करते," इथवर वाक्य नेहमीच्या चालीत आलं आणि पुढं पाऊल टाकायला जमीनच नाही असं तिला वाटलं. जळगावातल्या एका शिक्षक संघटनेचा सत्कार होता. सभागृह भरलेलं होतं, पहिल्या रांगेत शाली मांडीवर घेऊन माणसं बसली होती. व्यासपीठावर उजवीकडून दुसऱ्या खुर्चीत पांढऱ्या मिशांचे, सावळे, उंच गृहस्थ होते. तासाभरापूर्वी तिनं त्यांच्यासोबत चहा घेतला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून शिकायला बाहेर पडलेला पहिला मुलगा पुढं प्राचार्य कसा झाला, हे त्यांनी सांगितलेलं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. वडिलांनी मोहाची फुलं विकून घेतलेली चप्पल आठवत होती. नाव तेवढं नव्हतं. तिनं जीभ हलवली तर ती टाळूला चिकटलेली, वाळलेल्या चिंचेसारखी. ओठ सुटताना झालेला बारीक आवाज माइकनं उचलला आणि तो सभागृहभर गेला. मग ते गृहस्थच उठले, हसत हसत माइकपाशी आले आणि म्हणाले, "ताईंनी माझ्यावर सोपवलंय वाटतं. मी कुवरसिंग." लोक हसले, टाळ्याही पडल्या. ही गंमत ठरवूनच केली असावी असं पुष्कळांना वाटलं. हेमलताही हसली. फक्त तिच्या पाठीवरून घामाची एक धार कमरेपर्यंत गेली, आणि ती पोचेपर्यंत तिच्या मनात एकच वाक्य होतं: सुरू झालं.

निवेदन हा तिचा धंदा म्हणा, छंद म्हणा, दोन्ही होतं. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, कुठं पुस्तक प्रकाशन, कुठं सुवर्णमहोत्सव, कुठं गाण्यांचा कार्यक्रम, हेमलताबाई असल्या की आयोजक निर्धास्त. कारण ती कागद घेत नसे. पाहुण्यांची नावं, पदव्या, गावं, कुणाच्या आईचं नाव काय, कुणी कुठल्या साली काय केलं, सगळं डोक्यात. कागद हातात धरणाऱ्या निवेदकांबद्दल तिला थोडी कीव वाटे, आणि ती कीव ती लपवतही नसे. घरी परतताना रिक्षात बसल्यावर तिला ते आठवलं आणि मेहरूण तलावाकडून येणारा वारा अंगाला लागूनही गाल तापल्यासारखे झाले. योगेंद्र, तिचा नवरा, बँकेतून निवृत्त झालेला शांत माणूस, दार उघडता उघडता म्हणाला, "कसा झाला कार्यक्रम?" ती म्हणाली, "छान," आणि सरळ माठापाशी गेली. दोन पेले पाणी पिऊनही तोंड कोरडंच. हल्ली ते नेहमीच तसं असायचं. वय, असं ती म्हणायची. बारीक अक्षर धुरकट दिसायचं, तेही वय. सकाळी डोकं ओल्या कापसाच्या गाठोड्यासारखं जड असायचं आणि दहा वाजेस्तोवर त्यातून काही बाहेर पडायचं नाही, तेही वयच. वय ही मोठी सोयीची पेटी होती, काहीही टाकावं आणि झाकण लावावं. आज मात्र ते झाकण लागेना. कारण खाली तळाशी माय होती.

माय धुळ्याला, देवपुरात, हेमलताच्या धाकट्या भावाकडं, ईश्वरकडं राहायची. ऐंशी ओलांडलेली. जिनं अख्ख्या गल्लीच्या बाळंतपणांच्या तिथी तोंडावर सांगाव्यात ती बाई दोनेक वर्षांत अशी होत गेली होती, की दुपारभर पेंगायची, ऊन उतरलं की घाबरीघुबरी व्हायची, भिंतीकडं बोट दाखवायची. "मुंग्या शेतस, देख. बठ्ठी भिंत काळी व्हयनी." भिंत पांढरी असायची, तिच्यावर एक मुंगी नसायची. मागच्या दिवाळीत हेमलता भाऊबिजेला गेली तेव्हा मायनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि सुनेला, डिंपलला, हळूच विचारलं, "हाई बाई कोन शे व?" डिंपल चटकन म्हणाली, "अक्का आहेत ना, तुमची मोठी मुलगी." मायनं मान हलवली, पण ती परक्या माणसाचं मन राखण्यासाठी हलवावी तशी. हेमलता तेव्हा रडली नव्हती. परतताना एसटीच्या खिडकीशी बसून ती पारोळ्याच्या पुढं मनातल्या मनात स्वतःलाच तपासायला लागली होती: चौथीच्या बाई कोण, पहिल्या कार्यक्रमाचे अध्यक्ष कोण, माहेरच्या म्हशींची नावं काय. सगळं आलं होतं. त्या दिवशी आलं होतं.

आता ती रोज तपासू लागली. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, भाजीवाल्याशी बोलताना आत एक वेगळी परीक्षा चालू असे आणि परीक्षकही तीच. एखादं नाव पटकन आलं नाही की हातातलं काम थांबे. आलं तरी शंका, की हे कालच्यापेक्षा उशिरा आलं. तिनं योगेंद्रला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो घाबरला नसता, उलट समजूतदारपणे वागला असता, आणि नेमकं तेच तिला नको होतं. घरातलं माणूस आपल्याशी समजूतदारपणे वागू लागलं की आपलं काहीतरी संपलेलं असतं, हे तिनं मायच्या बाबतीत पाहिलं होतं. हिलालभाऊ म्हणजे तिला बहुतेक कार्यक्रम मिळवून देणारा आयोजक, मोठ्या आवाजाचा आणि मऊ मनाचा. त्याचा फोन आला: धुळ्यात मोठा सोहळा आहे, तुमच्याशिवाय कुणाचं नाव सुचत नाही. ती म्हणाली, "बघते." हेमलताबाई "बघते" म्हणतात हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला हातांवर खाज सुटल्याचं जाणवलं. कोपरापासून मनगटापर्यंत लालसर गांधी उठल्या होत्या, नकाशातल्या बेटांसारख्या.

हे पित्त मात्र खरंच जुनं होतं. दीडेक वर्षापूर्वी एका लग्नाहून आल्यावर पहिल्यांदा अंगभर उठलं. डॉक्टरांनी आठवडाभरासाठी एक गोळी दिली, लहानशी, पांढरी. पहिल्याच रात्री खाज गेली आणि झोप अशी लागली की जणू कुणी पांघरुणासारखी अंगावर ओढून दिली. पाळी जाताना उडालेली तिची झोप त्या गोळीनं परत आणून दिली होती. आठवडा संपला, गोळी संपली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात नुसतं "ती खाजेची" म्हटलं की पट्टी मिळायची. त्या गोळ्यांबद्दल तिच्या मनात एक प्रकारचा जिव्हाळाच होता, आणि त्याला जुनं कारण होतं. लग्नानंतर ती दोघं सातपुड्यात पालला फिरायला गेली असताना योगेंद्रवर मधमाश्या उठल्या होत्या. बघता बघता त्याचे ओठ, पापण्या, कान सुजून चेहरा अनोळखी झाला, छाती भरून आली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं एकामागून एक दोन इंजेक्शनं दिली, आणि ती बाकावर बसून बघत असताना तो सुजलेला, परका चेहरा हळूहळू ओसरत पुन्हा तिच्या नवऱ्याचा झाला. "हे ॲलर्जीचं," असं दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी तो डॉक्टर म्हणाला होता. तेव्हापासून ॲलर्जीचं औषध म्हणजे घरचं माणूस. त्याच्यावर संशय घ्यायचं तिच्या मनात आलंच नाही.

शेवटी ती धुळ्याच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडं गेली. जळगावात गेली असती तर पायरी उतरायच्या आत अर्ध्या शहराला कळलं असतं. योगेंद्रला म्हणाली, मायला भेटून येते. एसटी लागायची तिला लहानपणापासून, म्हणून नेहमीप्रमाणे स्टँडवरच गाडी लागण्याची गोळी घेतली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. बाहेर कापसाच्या वेचणीनंतरच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मुकटीपाशी तिचा डोळा लागला तो धुळ्याच्या स्टँडवर वाहकानं हाक मारली तेव्हा उघडला, आणि क्षणभर हे कुठलं गाव, आपण कशाला आलो, काहीच कळेना. तो क्षण तिनं पदराखाली दडवल्यासारखा मनात दडवला.

डॉक्टर बाई होत्या, तिला मुलीसारख्या वाटाव्यात इतक्या लहान, केस आखूड, बोलणं सावकाश. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. हेमलताला परीक्षेची भीती नव्हती, आयुष्यभर ती परीक्षेतच उभी होती. पण तीन शब्दांपैकी तिसरा परत द्यायची वेळ आली तेव्हा तिथं पुन्हा तीच मोकळी जागा होती. तिनं खाली पाहिलं. "घरात कुणाला विस्मरण?" डॉक्टरांनी विचारलं. "आईला." हे एक उत्तर देताना तिला वाटलं की बाकी सगळी उत्तरं यातच आली, आता या बाई पेन ठेवतील. पण त्यांनी पेन ठेवलं नाही. त्यांनी पाण्याची बाटली तिच्याकडं सरकवली.

"आल्यापासून तुम्ही चारदा ओठ ओले केलेत. तोंड नेहमी असं कोरडं असतं?"

"वयानं..."

"पोट साफ होतं? जवळचं नीट दिसतं?"

हेमलतानं दोन्हींना नाही म्हटलं आणि या प्रश्नांचा आठवणीशी काय संबंध, असा चेहरा केला.

"औषधं कुठली चालू आहेत?"

"काहीच नाही. ना बीपी, ना शुगर."

"रोज घेता असं काही? कसलंही."

"खाजेची गोळी तेवढी. ती काय औषध आहे?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, म्हणून हेमलतानं पर्स उघडली. पांढऱ्या गोळ्यांची पट्टी निघाली. मग घशासाठी कार्यक्रमाआधी घेते ती सर्दीची गोळी, नाक मोकळं राहतं म्हणून. मग गाडी लागू नये म्हणून घेतलेली, सकाळीच अर्धी झालेली पट्टी. डॉक्टरांनी तिन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "ताई, वेगवेगळ्या नावांनी तुम्ही एकाच घराण्यातली औषधं घेताय. ही जुन्या पिढीची ॲलर्जीची औषधं. खाज, शिंका, मळमळ, सगळ्यावर चालतात, आणि चांगली चालतात. पण ती मेंदूत शिरतात. झोप येते ती त्यामुळंच. आणि मेंदूत आठवणीच्या कामाला जे रसायन लागतं ना, त्यालाही ती अडवतात. तेच तोंडाला पाणी सोडतं, डोळ्यांना जवळचं दाखवतं, आतडी हलवतं. रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळी उतरलेला नसतो. झोप आली नाही असं वाटलं तरी माणूस मागं पडलेला असतो. तुम्ही गाडी चालवता?"

"स्कूटर."

"सध्या ठेवून द्या."

"म्हणजे मला... आईसारखं नाही?"

ही मुलगी आता काय बोलेल त्यावर पुढचं सगळं आयुष्य कुठल्या बाजूला कलायचं ते ठरणार होतं, आणि ती मुलगी घाई करत नव्हती. "आज मी तसं म्हणणार नाही. रक्त तपासू, थायरॉइड बघू, बी-ट्वेल्व्ह बघू. पण या गोळ्या चालू असताना तुमची स्मरणशक्ती मोजणं म्हणजे पायांना ओझं बांधून चाल मोजण्यासारखं आहे. आधी हे उतरवू. एकदम नको, हळूहळू. खाजेसाठी नवी गोळी देते, तिचा मेंदूशी फारसा संबंध नसतो. मग परत या. मग बोलू."

"नवऱ्याचा जीव वाचला होता हो या औषधानं," हेमलता म्हणाली. ती कुणाची बाजू घेत होती तिलाच कळलं नाही. पालची सगळी हकीकत तिनं सांगितली.

डॉक्टर ऐकून घेऊन म्हणाल्या, "जीव वाचवला तो बहुतेक पहिल्या इंजेक्शननं, ते वेगळं औषध. याचं काम सूज आणि खाज उतरवण्याचं. तेही मोलाचंच आहे. औषध वाईट नाही, ताई. चार दिवसांचा पाहुणा म्हणून बोलावलेला, तुम्ही घरात ठेवून घेतला."

जिना उतरताना तिला हलकं वाटायला हवं होतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ती थांबली. कठडा धरला. मायच्या उशाशी एक पत्र्याचा डबा असतो, त्यात तिची औषधं. दिवाळीत डिंपलनं त्यातून संध्याकाळची गोळी काढून दिली होती. लहानशी, पांढरी. "यांच्या अंगाला फार खाज येते ना अक्का, आणि ही दिली की निवांत झोपतात." तेव्हा हेमलताला बरं वाटलं होतं, की आपली आणि मायची गोळीसुद्धा एकच. रक्ताचं नातं. आता जिन्यात उभी राहून तिला मायचे वाळलेले ओठ दिसले, जीभ सारखी बाहेर येऊन त्यांवरून फिरणारी. दुपारभराची पेंग दिसली. भिंतीवरच्या मुंग्या दिसल्या. खालून वर येणारा माणूस म्हणाला, "बाई, बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "वाटतंय. वाटतंय," आणि जवळजवळ धावतच रिक्षाकडं निघाली.

ईश्वर जेवायला घरी आलेला होता. सिमेंटच्या पत्र्यांचं त्याचं दुकान जवळच होतं. अक्का अचानक आली म्हणून तो आधी खूश झाला. तिनं पाणी प्यायच्या आत डबा मागितला तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली. माय खाटेवर कलंडली होती, डोळे अर्धे मिटलेले. डब्यात तीच पट्टी होती. हेमलतानं डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सांगताना एकही शब्द तिच्या हातून सुटला नाही, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

ईश्वरचा घास हातातच राहिला. "म्हणजे काय म्हणायचंय तुला अक्का? आम्ही काय विष देत होतो का मायला?"

"तसं कुठं म्हणतेय मी?"

"तू महिन्यातून एकदा येतेस. ती ओरबाडून ओरबाडून रक्त काढायची अंगातून, ते आम्ही बघितलंय. रात्रभर हाका मारायची. डिंपल किती रात्री झोपली नाही, विचार तिला."

"ईश्वर, मीही तीच घेतेय. दीड वर्ष. मला कुणी दिली? माझी मीच घेतली."

डिंपलनं ताटाकडं बघत विचारलं, "तुम्ही कशाला गेला होता अक्का त्या डॉक्टरांकडं?" आणि जे योगेंद्रला सांगितलं नव्हतं ते हेमलतानं पाटावर बसून भावाला आणि भावजयीला सांगितलं. कुवरसिंग सरांचं नाव, मोकळी जागा, रोजची परीक्षा, तिसरा शब्द. सांगता सांगता तिचा आवाज चिरकला, माइकवर कधी चिरकला नव्हता तसा. ईश्वरनं हात धुतला. तो पंच्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मायला दाखवू उद्याच. पण अक्का, ती परत पहिल्यासारखी होईल असं मनात धरू नको. मी धरणार नाही." हेमलताला त्याच्या डोळ्यांकडं बघवेना. त्यानं ते धरलं होतं, त्याच क्षणी, हे तिला दिसत होतं.

डॉक्टरांनी मायला तपासून तेच सांगितलं जे ईश्वर बोलला होता. यांचं सगळं गोळीचं नाही, आजारही आहे. पण आजारावर गोळीचं ओझं आहे, ते काढू, मग खरी माय किती उरलीय ते कळेल. या वयात ही गोळी नकोच, पडायला होतं, लघवी अडते, भास होतात. खाज आहे ती कातडी कोरडी पडल्यानं. कढत पाण्यानं नव्हे, कोमट पाण्यानं अंघोळ, साबण कमी, ओल्या अंगावरच खोबरेल तेल. डिंपल म्हणाली, "एवढंच?" तिच्या स्वरात आनंद होता की संताप, ओळखू येईना.

त्यानंतरचे आठवडे हेमलताला सरळ रेषेत कधी आठवलेच नाहीत. रात्रीची गोळी आधी अर्धी झाली, मग एकाआड एक, मग गेली. खाज चवताळून परत आली. नव्या गोळीनं ती दबली, पण झोप गेली ती गेली. अंथरुणावर पडून ती छताकडं बघे आणि आपण मूर्खासारखं एका चांगल्या सोबतिणीला हाकलून दिलं असं तिला वाटे. तीनदा तर ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. दर वेळी दुकानदारानं न विचारता खणाकडं हात नेला, आणि तिनं दातांचा ब्रश मागितला. घरात तीन नवे ब्रश झाले तेव्हा योगेंद्रनं विचारलं आणि मग तिनं त्यालाही सगळं सांगितलं. तो समजूतदारपणे वागला नाही. तो चिडला. "धुळ्याला एकटी गेलीस? मी काय मेलो होतो?" असं तो ओरडला, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या ऐवजी संध्याकाळी फिरायला जाऊ लागला, तिला घेऊन, मेहरूणच्या काठानं, म्हणजे ती दमेल आणि झोपेल. ती दमत होती. हळूहळू झोपतही होती, तुकड्यातुकड्यांनी, पण ती झोप तिची स्वतःची होती. सकाळी तिच्यातून बाहेर येता येत होतं.

बदल आला तो वाजतगाजत आला नाही. एका सकाळी चहा पिताना तिला चहाची चव लागली, आल्याचा तिखटपणा जिभेच्या टोकावर थरथरला. तेव्हा तिला कळलं की कितीतरी दिवसांत तो लागलाच नव्हता. तोंडाला पाणी सुटलं. एवढ्याशा गोष्टीनं तिचे डोळे भरून आले आणि योगेंद्रला वाटलं आलं जास्त झालं. वर्तमानपत्रातला बारीक मजकूर चष्म्याशिवाय नाही, पण चष्म्यानं तरी स्वच्छ दिसू लागला. नावं परत येऊ लागली. सगळी नाहीत. काही उशिरा येत, काही येतच नसत. दुसऱ्या तपासणीत तिन्ही शब्द तिनं परत दिले, रक्ताच्या तपासण्याही बऱ्या निघाल्या, तरी ती विचारत राहिली की मग परवा शेजारणीच्या जावयाचं नाव का गेलं? डॉक्टर म्हणाल्या, "शेजारणीच्या जावयाचं नाव माझंही गेलं असतं." पुढं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आतली परीक्षा मात्र एकाएकी बंद पडली, परीक्षक उठून गेल्यासारखी. हिलालभाऊला तिनं आपणहून फोन केला, झालं ते सांगितलं, आणि म्हणाली की यापुढं हातात कागद असेल. पलीकडून तो दणदणीत हसला. "कागदच ना बाई? माझ्याकडं तर तो धरूनही लोक चुकतात. तारीख लिहून घ्या."

मायला भेटायला ती पुन्हा गेली तेव्हा थंडी चांगली पडली होती. गाडी लागायची गोळी घेतली नव्हती. पुढच्या बाजूची खिडकी धरून, काच उघडी ठेवून, लांबवर नजर लावून ती बसली. पारोळ्याच्या पुढं पोटात ढवळलं, तोंडाला पाणी सुटलं, आणि शेजारच्या बाईनं न मागता आवळासुपारी पुढं केली. धुळ्यापर्यंत ती जागी राहिली. इतक्या वर्षांत तिनं मुकटीच्या पुढचा रस्ता नीट बघितलाच नव्हता.

दारातूनच आवाज ऐकू आले. माय डाळीवरून भांडत होती. "दायमा मीठच नही शे. असं कोन रांधस?" डिंपल आतून म्हणत होती, "आत्ता तर म्हणालात खारट झाली!" ईश्वर ओट्यावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "बघ अक्का, पहिले गुपचूप पडून असायची. आता दिवसभर भांडते. डिंपल रोज मला म्हणते, तुमच्या अक्काला सांगा, गोळी परत चालू करा." बोलताना तो हसत होता, आणि हसताना त्यानं तोंड दुसरीकडं वळवलं. मुंग्या गेल्या होत्या. ऊन उतरल्यावरची घाबरगुंडी पुष्कळ कमी झाली होती. वार, महिना, ईश्वरच्या मुलींची लग्नं झाली की नाही, यातलं काही मायला सांगता येत नव्हतं, आणि ते येणार नव्हतं हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती भिंतीला धरून का होईना स्वतःच्या पायांनी अंगणात येत होती. तेलानं तिचे हात तुकतुकीत झाले होते. हेमलता आत गेली तर मायनं तिला नखशिखांत न्याहाळलं. "उनी का?" ती म्हणाली, जणू मुलगी कोपऱ्यावरच गेली होती. "बारीक व्हयनी तू. बठ."

भरताच्या वांग्यांचे दिवस होते. हेमलता म्हणाली, बाजारात जाऊन वांगी आणते, तर माय खाटेवरून उठू लागली. "माले बी येनं शे." ईश्वर म्हणाला, नको माय, गर्दी असते. मायनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो उठून रिक्षा आणायला गेला.

देवपूरच्या बाजारात हिरवट पांढऱ्या वांग्यांचे ढीग लागले होते. हेमलतानं मायच्या दंडाखाली हात घातला होता. हाडं हलकी लागत होती, पण हातात ओढ होती, ढिगाकडं जाण्याची. मायनं एक वांगं उचललं, तळव्यावर तोललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. विकणारी बाई म्हणाली, "आजी, सगळी सारखीच आहेत." मायचं सगळं ध्यान तळहातात उतरलं होतं. मग एक वांगं तिनं हेमलताच्या हातात दिलं. "हाई ले. हलकं शे. जडमा बिया ऱ्हातस." हेमलतानं ते घेतलं. थंड, गुळगुळीत, आणि खरंच, आकाराच्या मानानं हलकं. मायनं आणखी तशीच निवडली, पिशवीत घातली आणि पदरानं हात पुसले.

परत रिक्षाकडं येताना तिची पावलं मंदावली. तिनं रस्त्याकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ती मोकळी जागा येताना हेमलतानं इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली. आपल्याला ती आतून माहीत आहे, असं तिला वाटलं.

"आपन कोठे जाई ऱ्हायनूत?" मायनं विचारलं.

"घर, माय."

"कोना घर?"

"तुना घर. भरीत करनं शे ना."

मायचा चेहरा सैल झाला. रिक्षावाल्यानं हात पुढं केला, तो न धरता दांडीला धरून ती चढली, आत सरकली आणि शेजारच्या जागेवर थाप मारून तिनं मुलीला बसायची खूण केली. रिक्षा निघाली. पांझरेच्या पुलापाशी तिनं पुन्हा विचारलं, "आपन कोठे जाई ऱ्हायनूत?" हेमलतानं पिशवी मांडीवर नीट घेतली आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं तिला सांगितलं.